तांबड्या ताऱ्याचं मॅचिंग

ये गं, अशी जवळ ये. तिथे दारात काय उभी राहिलीस, पत्ता विचारायला आल्यासारखी? खुर्ची ओढ, आणि तो फोन उपडा ठेव आधी. मी लिहितेय खरी, पण समोर माणूस असल्याशिवाय माझा हात चालत नाही, म्हणून तू समोर बसली आहेस असंच धरून चालते. आता खरं सांग, मान वर करून तारे शेवटचे कधी बघितलेस? गच्चीवरचे कपडे काढताना ढग बघितलेस ते नको सांगूस. नाही ना आठवत? हेच तुमचं चुकतं. एवढ्या परीक्षा दिल्यात, एवढे गावोगाव हिंडलात, आणि जे फुकटात रोज डोक्यावर टांगलंय त्याच्याकडे बघायला तुम्हाला मानदुखी आडवी येते.

असो. रागावत नाही. माझीही साठी उलटेपर्यंत तीच गत होती.

मी शाळेत आठवीपर्यंत गेले. पुढचं शिक्षण झालं पनवेलच्या बाजारात, आमच्या मॅचिंग सेंटरच्या काउंटरमागे. फॉल, अस्तर, ब्लाऊजपीस, दोऱ्याची रिळं. साडी घेऊन बाई आली की तिच्या रंगाला रंग लावून द्यायचा, बस. ऐकायला सोपं वाटतं. पण एका लालमध्ये किती लाल असतात ते तुला दुकानात उभं केल्याशिवाय कळणार नाही. कुंकवाचा वेगळा, डाळिंबाचा वेगळा, विटेचा वेगळा, आणि नवरीच्या आईला जो हवा असतो तो या सगळ्यांहून वेगळा.

दुकान सासूबाईंनी काढलेलं. त्यांनी मला पहिल्या दिवशी रंग शिकवले नाहीत. दाराच्या चौकटीला खिळ्याने ठोकलेली एक पट्टी दाखवली. वीतभर मोरपंखी कापड, आणि त्याच्याच शेजारी त्याच रंगाचं रीळ. उजेड चांगला असला की कापड न् दोरा एकजीव दिसायचे. ढगाळ दिवशी किंवा ट्यूबलाइटखाली तेच दोघे फटकून दिसायचे, जसे काही एकमेकांचे कोणीच नाहीत. सासूबाई म्हणायच्या, "आधी पट्टी बघायची, मग गिऱ्हाइकाची साडी. माणूस चुकतं त्याच्या आधी उजेड चुकतो." ती साक्षीपट्टी आम्ही दर दसऱ्याला नवी करायचो. ती बघितल्याशिवाय मी तीस वर्षांत कापडाला कात्री लावली नाही. हे ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे.

मुलगा दुकानात बसायला लागला आणि मी घरी आले. घरी आले म्हणजे दोन-तीन दिवसांनी दुकानात जाऊन त्याच्या चुका काढायचे, एवढंच.

तर लॉकडाऊनच्या आधीचा तो हिवाळा. टीव्हीवर एक माणूस ओरडून सांगत होता की आकाशातला एक तारा एकदम मंद पडलाय, आता फुटणार. मृग नक्षत्रातला काक्षी. मृगाच्या खांद्यावरचा तांबूस तारा, तोच. मी गॅस बंद केला आणि गच्चीवर गेले. आमचे हे पायऱ्यांवरून ओरडले, "अगं, फुटायचा तर तो तिथे फुटेल, तू इथली आमटी उतू घालवू नकोस!"

मला काही फुटताना दिसलं नाही. पण तारा दिसला आणि माझं दुकानदाराचं मन लगेच म्हणालं, हा विटेचा लाल.

मी भाचीला फोन लावला. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती पुण्याला याच विषयात संशोधन करते. तेव्हा नुकती लागली होती. म्हटलं, "तुझा तारा फुटतोय म्हणे."

ती म्हणाली, "मावशी, तो एवढ्यात नाही फुटत. फुटला तर तुला पहिला फोन करीन. पण तू बघितलास ना? मग सांग, त्याच्या आजूबाजूच्या कोणत्या ताऱ्याएवढा दिसला?"

झालं. मला तेवढंच हवं होतं. कशाच्या शेजारी काय ठेवलं की कसं दिसतं, हे सांगण्यात माझा जन्म गेला.

तिने पुढे हळूहळू मला सगळं समजावलं, आणि तिचं एक बरं आहे, समजावताना ती मला आठवी पास समजत नाही. म्हातारपणी तारे फुगतात, त्यांना लाल राक्षसी तारे म्हणतात. हा काक्षी तर महाराक्षसी. आपल्या सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वी, मंगळ, सगळं पोटात घेईल. आतला वायू खालून तापून वर येतो, वर निवतो, पुन्हा खाली जातो. मी म्हटलं, "म्हणजे पिठलं रटरटतं तसं?" ती हसली, म्हणाली, "अगदी तसं. आणि रटरटताना तो फुगतो, आकसतो, कमीजास्त होतो. त्या हिवाळ्यात त्याने स्वतःच धुराळा सोडला आणि त्याच्याआड स्वतःच लपला." हिचं काम असं की, तारा आतून कसा असेल त्याचं कॉम्प्युटरवर मॉडेल बांधायचं, मॉडेलला विचारायचं की अमुक दिवशी हा किती उजळ दिसायला हवा, आणि मग खऱ्या ताऱ्याशी ताडून बघायचं. मी म्हटलं, कळलं. पेपर कटिंग आणि ट्रायल. कागदावर ब्लाऊज नेहमी बरोबरच असतो. अंगात घातल्यावर काखेत कुठे ओढतोय ते कळतं.

गंमत म्हणजे मोठमोठ्या दुर्बिणींना हा तारा झेपत नाही, त्या दिपतात म्हणे. म्हणून जगभरचे हौशी लोक नुसत्या डोळ्यांनी याचा उजेड ठरवतात आणि त्या नोंदी एका ठिकाणी जमा होतात. त्यात एक पनवेलची म्हातारी जमा झाली.

पद्धत सोपी. एक जास्त उजळ पांढरा तारा घ्यायचा, प्रश्वा. एक कमी उजळ पांढरा घ्यायचा, पुनर्वसूच्या जोडीतला. दोघांच्या मध्ये मनातल्या मनात दहा पायऱ्यांचा जिना लावायचा आणि प्रश्वाकडून खाली मोजत काक्षी कितव्या पायरीवर उभा आहे ते लिहायचं. मी आणखी एक गोष्ट माझ्या मनाने वाढवली. काक्षीकडे बघायच्या आधी रोहिणी बघायची. रोहिणी नारिंगी, आणि ती तशी बदलत नाही. ती त्याच जिन्यावर चौथ्या पायरीवर दिसायला हवी. दिसली, म्हणजे आजचं आभाळ खरं बोलतंय. माझी साक्षीपट्टी.

भाची म्हणाली, "मावशी, रोहिणी बदलत नाही गं. रोज लिहून काय मिळणार?"

"तुला नको असेल तर वाचू नकोस. मी पट्टी बघितल्याशिवाय कात्री लावत नाही."

ती रोहिणीचा रकाना सोडून बाकीचे आकडे उतरवून घ्यायची. मी मात्र लिहीत राहिले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की आठाच्या सुमारास गच्ची, हातात वही, टॉर्चला लाल जिलेटीन, डोळे दिपू नयेत म्हणून. सहा हिवाळे, सहा वह्या. वह्यांना दुकानातल्या ताग्यांच्या पुठ्ठ्याची कव्हरं. तिकडे डोंगर कापून विमानतळ झालं, धुळीने आभाळ पिवळं पडलं, आता तर विमानं माझ्या मृगाच्या पोटातून जातात. तरी मी लिहीत होते. अगं, शाळेतून काढलेल्या मुलीला कोणी सांगितलं की तुझी वही एका मोठ्या प्रबंधात जाणार आहे, तर ती काय करील? मी आजारपणातसुद्धा शाल गुंडाळून वर जायची.

मागच्या वर्षीच्या संक्रांतीला भाची आली. तिळगूळ खाल्ला आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक नागमोडी रेघ, ती मॉडेलची. आणि रेघेभोवती ठिपकेच ठिपके, जगभरच्या लोकांच्या नोंदी. मी चष्मा पुसला.

"यात माझे कुठले?"

तिने लॅपटॉप अर्धा मिटला.

"बोल की."

"मावशी, तुझे मी सध्या बाजूला ठेवलेत. रागावू नकोस. सुरुवातीला छान जुळायचे. पण दर वर्षी तुझा काक्षी इतरांपेक्षा जास्त जास्त उजळ होत गेला. सर म्हणाले, या नोंदी काढा. प्रबंध आता पूर्ण करायचाय, काहीतरी ठरवायला हवं."

"म्हणजे जग बरोबर आणि मी चूक?"

"असं नाही गं..."

"तीस वर्षं पनवेलच्या बायका लग्नाचे शालू माझ्या डोळ्यांच्या भरवशावर घेऊन आल्या. एक ब्लाऊजपीस परत आला नाही!"

आमचे हे पेपरच्या मागून म्हणाले, "तो रोडपालीच्या बाईचा आला होता."

या माणसाला नको तेव्हा आठवतं. खरं होतं ते. आदल्या वर्षी मी दुकानात असताना रोडपालीची एक बाई काळ्या साडीचा फॉल घेऊन गेली आणि तासाभरात परत आली. "काकू, ह्यो काला नाय, निला हाय! तुमी डोलं तपासून घ्या." मी तिला दारात नेऊन पट्टी दाखवली, उजेड दाखवला, आणि तरी मला तो फॉल काळाच दिसला. शेवटी मुलाने बदलून दिला. मी घरी येऊन म्हटलं होतं, हल्लीच्या बायकांना रंग कळत नाहीत.

भाची गेली. मी पंधरा दिवस तिला फोन केला नाही. तिने केला तर "भाजी चिरतेय" म्हणायचे. बहीण म्हणाली, "एवढी कसली भाजी, लग्न आहे का कोणाचं?" वह्या मी कपाटात साड्यांच्या खाली घातल्या. आणि खरं सांगते, त्या पंधरा दिवसांत मी एकदाही गच्चीवर गेले नाही.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे हे डॉक्टर आधीच म्हणाले होते. रागाच्या भरात म्हटलं, करूनच टाका. केलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "अगंबाई, निळं!"

डॉक्टरांचा कोट निळसर पांढरा. भिंत पांढरी. घरी आले तर स्वयंपाकघरातल्या ज्या फरशा मी सायीच्या रंगाच्या समजत होते त्या पांढऱ्याशुभ्र. आणि दारात आमचे हे उभे, अंगात फिकट निळा शर्ट.

"हा कधी घेतलात?"

"घेतला कुठला? हा माझा पांढराच. तू दोन वर्षं त्याला नीळ पाजते आहेस."

मला पांढरे कपडे पिवळट दिसायचे गं, म्हणून मी नीळ वाढवत गेले, वाढवत गेले. त्यांचे सगळे सदरे आभाळासारखे झाले होते. "मग बोलला नाहीत?" तर म्हणतात कसे, "मला वाटलं, मॅचिंगवाल्या बाईने काहीतरी विचार केला असेल."

मी हसले, आणि हसता हसता थांबले. मी उजवा डोळा झाकून शर्ट बघितला, पांढरट पिवळा. डावा झाकून बघितला, निळा.

संध्याकाळी डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा लावूनच कशीबशी वर गेले, आणि वर जाऊन क्षणभर काढला. आधी डाव्या, म्हणजे जुन्या डोळ्याने. काक्षी प्रश्वाच्या बरोबरीला, माझ्या वहीत असतो तसाच ऐटीत. मग उजव्याने. प्रश्वा एकदम झळाळला आणि काक्षी सरळ तीन पायऱ्या खाली उतरला. तोच तारा, तोच मिनिट. माझ्या डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं पिवळं होत गेलं होतं. ते पांढऱ्या ताऱ्यांचा निळा उजेड खाऊन टाकायचं आणि तांबड्याला जाऊ द्यायचं. म्हणून माझा काक्षी वाढत गेला. जग बरोबर आणि मी चूक.

खाली आले आणि फोन हातात घेतला. गप्प बसता आलं असतं. कोणाला कळणार होतं? पण बघ, चुकीचा फॉल गिऱ्हाइकाच्या साडीला लागला तर ती बाई कार्यक्रमात उभी राहते आणि हसं तिचं होतं. इथे साडी भाचीची होती.

"मी चुकले," मी म्हटलं. "डोळा पिवळा झाला होता. वह्या काढून टाक."

ती पलीकडून ओरडली, "मावशी, डावा डोळा अजून केला नाहीस ना? करू नकोस!" आणि लगेच, "नाही नाही, तसं नाही, डॉक्टर सांगतील तसंच कर." मग हळूच म्हणाली, "पण उपयोग नाही गं. आज किती फरक पडतो ते दोन डोळ्यांनी कळेल. पाच वर्षांपूर्वी तुझा डोळा किती पिवळा होता ते कोण सांगणार?"

मी म्हटलं, "खरंय." आणि मग मला चौकटीवरची मोरपंखी पट्टी आठवली. "थांब. रोहिणी सांगेल."

"काय?"

"अगं, रोहिणी नारिंगी. ती बदलत नाही, हे तूच म्हणालीस. मी सहा वर्षं रोज तिची पायरी लिहिलीय. तू जो रकाना वाचत नाहीस ना, तो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एस.टी. स्टँडवरून रिक्षा करून थेट दारात. चप्पलसुद्धा नीट काढली नाही. साड्यांच्या खालून सहाही वह्या काढल्या आणि आम्ही दोघी जमिनीवर बसलो. मी वाचायचे, ती टिपायची. पहिल्या वर्षी रोहिणी चौथ्या पायरीवर. पुढच्या वर्षीही चौथ्याच. मग चार-तीन, चार-तीन असं होत तिसऱ्या. शेवटच्या वहीत दुसऱ्या, म्हणजे काक्षीसारखी तीही वर वर चढलेली. शेजारी माझ्याच अक्षरात शेरा, "आज धूळ फार, आभाळ पिवळं." सासूबाईंनी सांगितलं होतं की आधी उजेड चुकतो, म्हणून मी दर वेळी उजेडाला बोल लावला. पट्टी बघणारा डोळाही कधी पिवळा होतो, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. पण पट्टी मात्र इमानाने सगळं सांगत होती.

भाचीने पेन खाली ठेवलं आणि माझ्या मांडीवर डोकं टेकलं. एवढी मोठी मुलगी. म्हणाली, "हा रकाना मी सहा वर्षं सोडून दिला." मी म्हटलं, "शिकलेल्या माणसांचं असंच होतं, नको ते फार वाचतात." मग दोघींनी उरलेला तिळगूळ संपवला.

आता एकच पाहिजे होतं. रोहिणी एवढी सरकते तेव्हा काक्षी किती सरकतो, हे नेमकं मोजायला नवा आणि जुना डोळा काही दिवस शेजारी शेजारी हवे होते. मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "आजी, डावा पुढच्या महिन्यात करू."

"थोडं पुढे ढकलता येईल का? मला अजून मोतीबिंदू हवाय."

त्यांनी पेन बंद केलं. "लोक लवकर करा म्हणून भांडतात. तुम्हाला कशाला हवाय?"

मी सांगितलं. काक्षी, रोहिणी, नीळ, सगळं. बाहेर पेशंट खोळंबले होते, आणि डॉक्टर आपले खुर्ची पुढे ओढून ऐकत होते. शेवटी तपासून म्हणाले, थोडे महिने थांबलात तर डोळ्याला धोका नाही, पण जिना जपून चढायचा आणि दर महिन्याला दाखवायला यायचं. मी काळ्या अस्तराची एक झापडी शिवली, नाडी लावून. आज डाव्यावर, मग उजव्यावर. आमचे हे म्हणाले, "आता फक्त तलवार पाहिजे."

त्या उन्हाळ्यापर्यंत मोजलं, मग पावसाळ्यात तारे रजेवर गेले, आणि दिवाळीनंतर पुन्हा मोजलं. भाचीने रोहिणीच्या पायऱ्यांवरून माझा प्रत्येक आकडा दुरुस्त केला, आणि पुन्हा लॅपटॉप घेऊन आली. आता माझे ठिपके हिरवे होते आणि जगाच्या ठिपक्यांमध्ये मिसळून बसले होते, पंगतीत बसावेत तसे. एका ठिकाणी मात्र सगळेच ठिपके, जगाचे आणि माझे, रेघेच्या खाली घसरले होते.

मी घाबरले. "इथे पुन्हा चुकले का गं?"

"नाही मावशी! इथे मॉडेल चुकलंय. त्या महिन्यांत ढगांमुळे इतरांच्या नोंदी थोड्या होत्या, म्हणून खात्री नव्हती. तुझ्या आल्या आणि खात्री झाली." आणि ही पोरगी खूश! मी विचारलं, तुझं मॉडेल चुकलं तर तू हसतेस काय? म्हणाली, कुठे ओढतंय ते कळलं ना, आता उसवून पुन्हा शिवता येईल. म्हणजे माझीच भाषा मला.

सरांनी नोंदी ठेवायला सांगितल्या. प्रबंधात माझ्या सहा वह्यांचं एक वेगळं प्रकरण नाही गं, उगीच फुशारकी नको; दोन पानं आहेत. पण त्या दोन पानांत रोहिणीचा रकाना आहे.

आता डाव्या डोळ्याची पाळी. अक्षय्य तृतीया झाली की करायचाय, आणखी थांबणार नाही असं डॉक्टरांना वचन दिलंय. यांचे सदरेही सोड्यात उकळून उकळून पुन्हा पांढरे व्हायला लागलेत, एक सोडून. तो त्यांना निळाच आवडतो म्हणे.

पण मला एक काळजी आहे, आणि त्यासाठीच तुला हाक मारली. दोन्ही डोळे नवे झाले की माझ्याकडे जुना डोळा साक्षीला राहणार नाही. रोहिणी आहे, पण मी आता शहाणी झालेय, एका पट्टीवर भागवायचं नाही. म्हणून सातव्या वहीत मी एक रकाना जास्त आखलाय, पाहुण्यांचा. जो येईल त्याला गच्चीवर नेते, जिना दाखवते, आणि काक्षी कितव्या पायरीवर ते त्याच्या तोंडून ऐकून लिहिते. माझा आकडा आधी सांगत नाही. दूधवाला, भाडेकरू, सगळ्यांचे झालेत. तुझा तेवढा कोरा आहे.

तेव्हा ये लवकर. चैत्र सरला की काक्षी संध्याकाळच्या उजेडात बुडतो, मग दिवाळीपर्यंत भेट नाही. स्टँडवरून रिक्षा कर, साडेसातच्या आत पोच, चष्मा असेल तर विसरू नकोस. पिठलं-भाकरी करून ठेवते. आधी वर जाऊ, मग जेवू.